माइनस्वीपर : एक्सपर्ट शंभरच्या आत आणायचा तर

पोलंडच्या कामिल मुरान्स्कीच्या माइनस्वीपरच्या तिन्ही पटांवरच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज २०१४ साली ३८.६५ सेकंद भरली. सोप्या पटाला अर्धा सेकंदही नाही, मधल्याला सात सेकंद आणि ९९ सुरुंगांच्या एक्सपर्टला एकतीसच्या किंचित वर. पुढे हा आकडाही मागे पडला. इकडे जेवणाच्या सुट्टीत एक्सपर्ट तीन मिनिटांत सोडवून खुर्चीत मागे रेलणाऱ्याला हे ऐकून एकच शंका येते, की या माणसाची बोटे आहेत तरी कसली.

बोटे साधारणच असतात. दीडशे-दोनशे सेकंदांत अडकलेल्या खेळाडूचे रेकॉर्डिंग संथ गतीने पाहिले, की माऊस बराच वेळ जागच्या जागी उभा असल्याचे दिसते. क्लिक झटपट होतात, पण दोन क्लिकच्या मधल्या विचारात सेकंद गळतात. शंभरच्या आत यायचे म्हणजे मुख्यतः हे थांबे कमी करायचे. त्याला तरणा हात लागत नाही. तिशी-चाळिशीच्या माणसालाही नेटाने बसले तर ते जमते.

खेळ तसा जुनाच. मायक्रोसॉफ्टमधल्या रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांनी बनवलेला हा माइनस्वीपर १९९० साली ‘एंटरटेनमेंट पॅक’मधून बाहेर आला आणि १९९२ च्या विंडोज ३.१ पासून संगणकासोबत फुकटच मिळू लागला. खुद्द बिल गेट्स यांना त्याचा असा नाद लागला होता, की आपल्या संगणकावरून तो काढून टाकल्यावर ते सहकाऱ्याच्या संगणकावर जाऊन खेळत, असे त्यांच्या कंपनीतले लोक सांगत. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गात माऊसचे उजवे बटण पहिल्यांदा याच खेळासाठी दाबलेली मंडळी पुष्कळ असतील. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो संगणकात आयता मिळेनासा झाला आणि अनेकांचा खेळ तिथेच सुटला. विक्रमांमागे धावणारे मात्र तोवर केव्हाच विंडोजच्या पलीकडे गेले होते.

त्यांनी विंडोजचा खेळ सोडला त्याला कारण होते घड्याळाचे. जुन्या माइनस्वीपरचे घड्याळ पहिल्या क्लिकला थेट १ दाखवी आणि पुढे फक्त पूर्ण सेकंद मोजी. ९९९ वर ते थांबे. सोप्या पटावर ‘१ सेकंद’ म्हणजे प्रत्यक्षात किती, हे कोणालाच सांगता येत नसे. म्हणून आज गंभीर खेळाडू ‘माइनस्वीपर आर्बिटर’ किंवा ‘व्हिएन्ना माइनस्वीपर’ यांसारखे खास प्रोग्राम वापरतात. नियम जुन्या विंडोजचेच, पण वेळ दशांशात मोजली जाते आणि माऊसची प्रत्येक हालचाल साठवली जाते. सुधारायचे मनावर घेतले असेल तर पहिल्या दिवसापासून यांतलाच एखादा प्रोग्राम धरावा. मोबाइलवरचा माइनस्वीपर लोकलमध्ये वेळ घालवायला उत्तम, पण तिथले बोट आणि इथला माऊस यांचे फारसे देणेघेणे नाही.

खेळायला बसण्याआधी दोन किरकोळ कामे उरकून घ्यावीत. एक, खेळाच्या मेनूमधली प्रश्नचिन्हाची सोय बंद करावी. ती चालू असली तर चुकून लावलेला झेंडा काढायला उजवे बटण एकदाऐवजी दोनदा दाबावे लागते. दोन, विंडोजच्या माऊस सेटिंगमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढावी. ती असताना हात जितका जोरात हलेल तितका बाण जास्त पळतो, त्यामुळे मनगटाला अंतराचा अंदाज बसत नाही. ती काढल्यावर पहिले चार दिवस सगळेच चुकल्यासारखे वाटते, तेवढे सोसावे. महागडा गेमिंग माऊस यातल्या कशालाच लागत नाही.

आता पट. एक्सपर्टमध्ये ३० गुणिले १६ अशी ४८० घरे आणि ९९ सुरुंग असतात, म्हणजे साधारण पाच घरांमागे एक. मधल्या पटावर हे प्रमाण सहा-साडेसहा घरांमागे एक असे आहे. आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो, पण एक्सपर्टवर रिकामे मैदान कमी आणि दोन-तीनच्या आकड्यांची गर्दी फार.

पहिली क्लिक कुठे करावी यावर खेळाडूंमध्ये अजून वाद होतात. जुन्या नियमाप्रमाणे पहिल्या घरात सुरुंग कधीच नसतो. असलाच तर तो उचलून डाव्या वरच्या कोपऱ्याकडच्या रिकाम्या घरात हलवला जातो. पण सुरुंग नसणे वेगळे आणि मैदान उघडणे वेगळे. मैदान उघडायचे तर आजूबाजूची सगळी घरे रिकामी हवीत. कोपऱ्यातल्या घराला तीनच शेजारी असतात, त्यामुळे तिथे मैदान उघडण्याची शक्यता जवळजवळ पन्नास टक्के येते. कडेच्या घराला पाच शेजारी, म्हणून सुमारे एकतीस टक्के. मधल्या घराला आठ शेजारी असल्याने शक्यता सोळा टक्क्यांच्या खाली जाते. मधे उघडलेले मैदान मोठे असते हे खरे, म्हणून शेकडो पट टाकून देण्याची तयारी असलेले काही अव्वल खेळाडू तिथूनच सुरुवात करतात. नवशिक्याने कोपरा धरावा. एका कोपऱ्यात आकडा निघाला तर तिथे अंदाज लावत न बसता सरळ दुसऱ्या कोपऱ्यात जावे. कोपऱ्यातल्या १ च्या तीन शेजाऱ्यांपैकी एकात सुरुंग नक्की असतो, आणि पटावरच्या कुठल्याही अनोळखी घराच्या मानाने हा धोका बराच मोठा आहे.

यानंतर येतात आकृत्या, आणि सगळा वेग त्यांच्यातच दडलेला आहे.

सरळ रेषेत बंद घरांची भिंत उभी आहे आणि तिच्यासमोर आकड्यांची रांग आहे, असे चित्र एक्सपर्टवर सतत येते. रांगेत १ आणि २ शेजारी-शेजारी असले, तर २ च्या पुढच्या बाजूचे टोकाचे घर सुरुंगाचे. कारण असे : १ ला भिंतीतली तीन घरे दिसतात आणि त्यांतली दोन २ ला सामायिक आहेत. त्या दोघांत मिळून एकाहून जास्त सुरुंग मावत नाही, म्हणून २ चा दुसरा सुरुंग उरलेल्या घरातच असणार. त्याच न्यायाने १ च्या मागच्या बाजूचे टोकाचे घर मोकळे निघते, आणि हा दुसरा फायदा घ्यायचे पुष्कळ जण विसरतात. बारकाईने पाहिले तर १ आणि २ हे आकडे महत्त्वाचे नाहीत, महत्त्वाचा आहे एकाचा फरक. भिंत सरळ असेल आणि प्रत्येक आकड्याला तीनच बंद घरे दिसत असतील, तर २ आणि ३ च्या जोडीलाही हेच उत्तर लागू पडते.

१-२-१ आले की दोन्ही १ समोरची घरे सुरुंगाची आणि मधले मोकळे. १-२-२-१ आले की दोन्ही २ समोर सुरुंग आणि दोन्ही १ समोर मोकळीक. बंद भिंत जिथे सुरू होते त्या टोकापासून १-१ असले तर तिसरे घर बेधडक उघडावे : पहिल्या १ ला दोनच घरे दिसतात, ती दोन्ही दुसऱ्यालाही दिसतात, म्हणजे दुसऱ्याचा सुरुंग तिथेच संपला. बे एके बे म्हणताना कोणी बेरीज करत बसत नाही, तसे या चार-पाच आकृत्या दिसताक्षणी हात हलला पाहिजे. कारण मनात आले की समजावे, आकृती अजून पाठ झालेली नाही.

खरी गंमत वजाबाकीत आहे. पटावर १-२-१ असे उघडेवाघडे क्वचितच दिसते. दिसते ते २-३-१ किंवा ३-३-२, आणि नवखा खेळाडू तिथे थबकतो. समजा रांगेत २-३-१ आहे, आणि २ व ३ या दोघांच्या मागच्या बाजूला दोघांनाही लागून असलेला, पण १ ला न दिसणारा एक सुरुंग आधीच कळलेला आहे. तो दोघांतूनही वजा केला की १-२-१ उरते. उत्तर तयार. सराव करायचा तो याच वजाबाकीचा. सुरुवातीला घड्याळाकडे न बघता पट संथपणे सोडवावेत आणि प्रत्येक आकड्यातून कळलेले सुरुंग वजा करून उरलेला आकडा मनात म्हणावा. कंटाळवाणे आहे, पण दुसरी वाट नाही. सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या संग्रहातला ‘माइन्स’ यासाठी चांगला, कारण त्यातला प्रत्येक पट अंदाज न लावता सुटेल असाच बनवलेला असतो. अडलो तर चूक आपली, हे तिथे निश्चित असते.

झेंडे लावावेत की नाही? हा प्रश्न विचारला की दोन तट पडतात. झेंडे लावणारे दोन्ही बटणे एकदम दाबण्याची युक्ती वापरतात : आकड्याभोवती तेवढे झेंडे लागले असले की त्याच्यावर दोन्ही बटणे दाबावीत, उरलेली सगळी घरे एका झटक्यात उघडतात. झेंडे न लावणारे फक्त डावे बटण वापरतात आणि सुरुंग डोक्यात ठेवतात. दोन्ही पद्धतींचे लोक विक्रमांच्या यादीत वर आहेत, त्यामुळे कोणती श्रेष्ठ हा वाद फिजूल. शंभरच्या बाहेर असलेल्याने झेंडे ठेवावेत, पण मोजके. ज्या झेंड्यामुळे लगेच दोन किंवा जास्त घरे एका दणक्यात उघडणार आहेत तोच लावावा. बाकीचे झेंडे म्हणजे निव्वळ सजावट, आणि सवयीने प्रत्येक सुरुंगावर झेंडा रोवणारा ९९ क्लिकचा भुर्दंड भरतो.

झेंडेवाल्यांसाठी ‘दीड क्लिक’ नावाची एक खुबी आहे. उजवे बटण दाबताच झेंडा लागतो. ते बटण न सोडता बाण तसाच शेजारच्या आकड्यावर न्यावा, तिथे डावे बटण दाबावे आणि मग दोन्ही सोडावीत. झेंडा लावून बटण सोडणे आणि पुन्हा दोन्ही दाबणे यांतला एक टप्पा वाचतो. पहिल्या आठवड्यात झेंडे भलतीकडे लागतील. नंतर हात एवढा सरावतो, की जुन्या पद्धतीने खेळताना अडखळायला होते.

प्रगती मोजायची ती नुसत्या सेकंदांनी मोजू नये. पट सोपा आला की वेळ चांगली येते, अवघड आला की वाईट. त्यातून काहीच कळत नाही. यासाठी खेळाडू ‘थ्रीबीव्ही’ नावाचे माप वापरतात. झेंडे न लावता तो पट सोडवायला कमीत कमी किती डाव्या क्लिक लागतील, तो आकडा म्हणजे थ्रीबीव्ही; स्टेफान बेख्टेल यांच्या नावावरून हे माप आले. एक्सपर्टवर तो साधारण दीडशे ते दोनशेच्या घरात असतो. १६० चा पट १०० सेकंदांत सुटला तर वेग सेकंदाला १.६, तोच ८० सेकंदांत सुटला तर २. खास प्रोग्राम हा वेग आपोआप दाखवतात. वही ठेवायची हौस असेल तर वेळेऐवजी हा वेग लिहावा. एखाद्या आठवड्यात नवा विक्रम झाला नाही तरी वेग १.५ वरून १.६ वर गेलेला दिसतो, आणि चिकाटी टिकते ती त्यामुळेच.

शिवाय रेकॉर्डिंग पाहावे. दर दोन-तीन दिवसांनी आपलाच एखादा सुटलेला पट अर्ध्या गतीने बघावा आणि बाण जिथे जिथे एक सेकंदाहून जास्त थांबला ती जागा टिपावी. बहुतेकांच्या बाबतीत त्याच दोन-तीन प्रकारच्या मांडण्या पुन्हा पुन्हा निघतात. कोणी कोपऱ्यात अडकतो, कोणी चार-पाचचे मोठे आकडे दिसले की गडबडतो. आणखी एक दोष हटकून सापडतो : सोपा भाग संपल्यावर बाण पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो, तिथे दोन घरे उघडतो आणि परत येतो. अशा प्रत्येक फेरीत अर्धा-पाऊण सेकंद जातो. हात एक घर उघडत असताना डोळे पुढच्या घरावर असावेत, हे सांगायला सोपे आणि अंगी बाणायला कठीण. पण त्याची निम्मी तयारी ही रेकॉर्डिंग बघण्यातच होते.

अंदाजाचे काय, हा प्रश्न उरतोच. एक्सपर्टचा पट दर वेळी निव्वळ तर्काने सुटत नाही. उत्तम संगणकीय प्रोग्रामसुद्धा दहापैकी चारच्या आसपास पट जिंकतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या रिचर्ड के यांनी २००० साली दाखवून दिले, की दिलेल्या आकड्यांना जुळणारी सुरुंगांची मांडणी शक्य आहे का हे ठरवण्याचे सर्वसाधारण कोडे संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गात मोडते. या वर्गातले कुठलेही कोडे नेहमीच झटपट सोडवण्याची रीत सापडली, तर दहा लाख डॉलरचे एक गणिती बक्षीस निकाली निघेल. जेवणाच्या सुट्टीत ते होण्यासारखे नाही.

तेव्हा अंदाज लावायचा, पण हिशेबाने. मधोमध एकटा १ निघाला आणि भोवती आठही घरे बंद असली, तर त्यांतल्या एखाद्यात सुरुंग असण्याची शक्यता साडेबारा टक्के. पटावरच्या दुसऱ्या कुठल्याही घरापेक्षा ती कमी, म्हणून तिथेच उघडावे. तिथे ३ निघाला तर शक्यता साडेसदतीस टक्के, मग दुसरीकडे जावे. कोपऱ्यात दोन घरे उरली आहेत, एकात सुरुंग आहे, आणि शेजारून कुठलीच नवी माहिती येण्यासारखी नाही, असा निव्वळ ‘फिफ्टी-फिफ्टी’ दिसताच तिथल्या तिथे एक घर दाबून मोकळे व्हावे. विसाव्या सेकंदाला उडालो तर वीसच सेकंद गेले. तोच अंदाज शेवटासाठी राखून ठेवला तर ऐंशी-नव्वद जातात. आजूबाजूचा भाग उघडल्यावर कोडे सुटू शकत असेल, तर मात्र ते सोडून पुढे जावे. शेवटच्या दहा-पंधरा घरांत वरचा उरलेल्या सुरुंगांचा आकडा उपयोगी पडतो. झेंडे न लावणाऱ्यांना तो मनात मोजावा लागतो, ही त्यांच्या पद्धतीची एक अडचण.

पट सोडून देण्याबाबत मन कठोर करावे लागते. वेळ कमी करायची असेल तर पहिल्या पंधरा सेकंदांत रडतखडत चाललेला पट एफ-टू दाबून टाकून द्यावा. पण अव्वल मंडळी पहिल्याच क्लिकला पट फेकतात म्हणून नवशिक्यानेही तसे करू नये. त्याने आठवड्यातले काही दिवस प्रत्येक पट शेवटपर्यंत खेळायचे ठरवावे, नाहीतर पटाच्या शेवटच्या तिसऱ्या भागाचा सरावच होत नाही आणि चांगला पट आला की नेमका तिथे हात थरथरतो.

लबाडीचाही थोडा इतिहास आहे. जुन्या विंडोजमध्ये ‘एक्सवायझेडझेडवाय’ ही अक्षरे टाइप करून शिफ्ट आणि एंटर दाबले, की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला एकच ठिपका बाणाखालच्या घरात सुरुंग आहे की नाही ते काळ्या-पांढऱ्यात सांगे. त्याहून नाजूक भानगड पटांच्या फेऱ्यांची. विंडोजचा माइनस्वीपर पट यदृच्छेने मांडतो अशी समजूत होती, पण तेच पट ठरावीक क्रमाने परत येतात हे चिवट खेळाडूंच्या ध्यानात आले. त्यांतला एक अतिसोपा पट ‘ड्रीमबोर्ड’ म्हणून गाजला. तो ओळखून काढलेल्या वेळा पुढे विक्रमांच्या यादीत धरेनात, अतिसोप्या पटांसाठी थ्रीबीव्हीची किमान मर्यादा आली आणि वेळेसोबत रेकॉर्डिंग देणे ओघाने आलेच. आज नुसत्या स्क्रीनशॉटला कोणी विचारत नाही.

रोज पाऊण-एक तास पुरे. त्यापुढे वेग घसरतो, चुका वाढतात आणि मनगट बोलू लागते. दुखले तर तो दिवस सोडून द्यावा. टेबलाची उंची कोपराइतकी असावी आणि माऊस बोटांनी आवळून धरू नये. आणखी एक तजवीज पहिल्याच दिवशी करावी : रेकॉर्डिंग आपोआप साठवण्याची सोय चालू करून ठेवावी. पट सुटला, घड्याळ ९८ वर थांबलेले दिसले, तरी सवयीचे बोट त्याच क्षणी एफ-टूवर पडते.